दुश्मनाचाही चेहरा मुलांना दिसू द्या : नागपूरच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक व संस्थाचालक यांस,

स. न. वि. वि.

सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट आणि अलीकडे २६ जुलैचा कारगिल विजय दिवस. या दिवसांच्या मागेपुढे आपल्या बऱ्याच शाळांत हॉलच्या खिडक्यांना चादरी लावून युद्धपट दाखवला जातो. मी इतिहासाचा शिक्षक होतो. चादरी लावणं, प्रोजेक्टर जुळवणं, मागच्या रांगेतल्या पोरांना गप्प करणं हे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असे. 'हकीकत', 'बॉर्डर' मुलांना दाखवू नका असं मी कधीच म्हणणार नाही. लडाखच्या थंडीत दारूगोळा संपत आला तरी माणसं जागा सोडत नाहीत, हे आपल्या मुलांना माहीत असलंच पाहिजे.

माझी मागणी त्यात भर घालण्याची आहे. वर्षातून एकदा तरी असा चित्रपट दाखवा, ज्यात एकमेकांना मारायला निघालेले दोन सैनिक समोरासमोर येतात आणि समोरच्याला आई आहे, भूक आहे, भीती आहे हे त्यांना दिसतं.

हे पत्र लिहायला कारण घडलं. आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाळेत असा एक चित्रपट दाखवायचं ठरलं होतं. मुलांना सांगून झालं होतं. एका पालकांनी लेखी हरकत घेतली आणि खेळ रद्द झाला. शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही शाळेने त्या जागी बहुधा तेच केलं असतं. त्या पालकांशी मी बोललो. त्यांचा पुतण्या फौजेत आहे. ते म्हणाले, "सर, तिकडे आमची पोरं मरून राहिली आणि तुम्ही इथं दुश्मनाचा कळवळा शिकवता?" ज्याच्या घरातला मुलगा सीमेवर आहे, त्याला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. म्हणून उत्तर गुळमुळीत देऊन चालणार नाही. ते मी फौजेच्याच इतिहासातून देतो.

१७ डिसेंबर १९७१. शकरगड भागात जरपाल गावाजवळ आपल्या ३ ग्रेनेडियर्सच्या ठाण्यावर पाकिस्तानच्या ३५ फ्रंटियर फोर्सने प्रतिहल्ला केला. त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल मोहम्मद अक्रम राजा स्वतः पुढे होते आणि तिथेच मारले गेले. आपल्या मेजर होशियार सिंग यांना परमवीरचक्र मिळालं ते याच लढाईतलं. लढाई थांबल्यावर ३ ग्रेनेडियर्सचे लेफ्टनंट कर्नल वेदप्रकाश ऐरी यांनी अक्रम राजा किती धैर्याने लढले हे स्वतःच्या हाताने लिहून पाकिस्तानकडे पोचवलं. पाकिस्तानने राजा यांना हिलाल-ए-जुर्रत दिला. ज्याने आपल्या जवानांवर हल्ला चढवला, त्याच्या शौर्याची साक्ष आपल्याच कमांडरने दिली. बर्डीवरून जाताना ज्या किल्ल्याकडे आपलं रोज लक्ष जातं, त्या सीताबर्डीच्या किल्ल्यात प्रादेशिक सेनेची जी पलटण आहे, तीही ग्रेनेडियर्सचीच. किल्ला पाहायला खुला असतो त्या दिवशी मुलांना तिथे नेता, तेव्हा ही हकीकतही सांगा.

पुढे १९९९. टायगर हिलवर पाकिस्तानच्या १२ नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीकडून कॅप्टन कर्नल शेर खान ('कर्नल' हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे) शेवटपर्यंत लढला. त्याचा मृतदेह परत पाठवताना आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली, हा फार शूरपणे लढला, याला त्याचा मान मिळावा अशा आशयाची. त्याला पाकिस्तानचा सर्वोच्च सन्मान निशान-ए-हैदर मिळाला. त्याच युद्धात पाकिस्तान स्वतःच्याच कितीतरी सैनिकांचे मृतदेह स्वीकारायलाही तयार नव्हता. त्यांना आपल्या जवानांनी त्याच डोंगरांवर त्यांच्या धर्माच्या रीतीने मूठमाती दिली. रावण पडल्यावर राम बिभीषणाला जे सांगतो, 'मरणान्तानि वैराणि', मरणाबरोबर वैर संपतं, ते आपण कीर्तनात ऐकतो. या जवानांनी ते हाडं गोठवणाऱ्या थंडीत, स्वतःचे सोबती गमावल्यावर केलं.

टायगर हिल आधी जिंकली आणि चिठ्ठी नंतर लिहिली, हे मला त्या पालकांना विशेष करून सांगायचं आहे. शत्रूला माणूस मानल्यामुळे बाजवांच्या ब्रिगेडची गोळी अडखळली नाही, ऐरींची पलटण मागे हटली नाही. कळवळ्याने सैनिक कच्चा पडतो, ही समजूत खुर्चीत बसून युद्ध पाहणाऱ्यांची आहे. ज्यांनी लढाई केली त्यांच्यापैकी कितीतरी जण शत्रूबद्दल आपल्यापेक्षा आदराने बोलतात. कामठीला गार्ड्सचं केंद्र आहे, तिथून निवृत्त झालेली माणसं आपल्या वस्त्यांत राहतात. त्यांना विचारून पाहा.

आता चित्रपटांकडे येतो. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल एकविसाव्या वर्षी शहीद झाले. त्यांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, २००१ मध्ये फाळणीत सुटलेलं आपलं गाव पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ज्या निवृत्त ब्रिगेडियरच्या घरी ते उतरले होते, त्या ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी निघायच्या आदल्या रात्री त्यांना सांगितलं की तुमचा मुलगा माझ्या रणगाड्याच्या गोळ्याने गेला. या रात्रीची कल्पना मला करवत नाही. सांगणाऱ्याची नाही आणि ऐकणाऱ्याचीही नाही. श्रीराम राघवन यांचा 'इक्कीस' याच हकीकतीवर उभा आहे. चित्रपट हिंदीत आहे, नायक परमवीरचक्र विजेता आहे. सुरुवात करायला भीती वाटत असेल तर इथून करा. आणि 'बॉर्डर' लावाल तेव्हा तो शेवटपर्यंत लावा. त्याचा शेवट आरोळीवर होत नाही, जावेद अख्तर यांच्या 'मेरे दुश्मन, मेरे भाई' या गाण्यावर होतो. आपल्या हॉलमध्ये तोवर दिवे लागलेले असतात आणि मुलं चपला शोधत असतात.

पण मला मनापासून दाखवावासा वाटतो तो एक परदेशी चित्रपट, आणि नागपूरच्या मुलांना तो सांगावा लागत नाही, तो त्यांच्या घरचाच वाटतो. झाझा उरुशाद्झे या जॉर्जियन दिग्दर्शकाचा २०१३ चा 'टँजरीन्स', म्हणजे संत्री. ऑस्करच्या शेवटच्या पाचांत तो होता. गोष्ट १९९२ ची, जॉर्जियातून फुटू पाहणाऱ्या अबखाझिया या भागाच्या युद्धातली. त्या भागात पूर्वी एस्टोनियन लोकांनी वसवलेलं एक गाव आहे. युद्ध सुरू झाल्यावर सगळे पळून गेले, मागे उरले म्हातारा इवो आणि त्याचा शेजारी मार्गुस. मार्गुसचा संत्र्यांचा बगीचा झाडावर पिकून उभा आहे आणि इवो त्यासाठी लाकडी पेट्या बनवतो आहे. त्यांच्या दारात चकमक होते. दोन जखमी उरतात, अबखाझियाच्या बाजूने लढणारा एक चेचेन आणि एक जॉर्जियन, एकमेकांच्या जिवावर उठलेले. इवो दोघांनाही आपल्या घरात आणून झोपवतो.

मी हा चित्रपट नववीच्या वर्गाला दाखवला होता. संवाद एस्टोनियन, रशियन आणि जॉर्जियन भाषांत. इंग्रजी ओळी मुलांना वाचता येईनात, म्हणून मी माईक घेऊन प्रत्येक ओळ मराठीत वाचत होतो. पहिल्या दहा मिनिटांत हॉलमध्ये नेहमीसारखी कुजबुज चालली होती. पडद्यावर इवो पेटीला खिळे ठोकत होता आणि मार्गुस झाडांकडे बघत तोडणीची काळजी करत होता, तेव्हा नरखेडकडचा एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "सर, याले तोडाले मजूर भेटून नाही राहिले का?" त्याच्या घरी बगीचा होता. नंतर दुसरा म्हणाला, आता हे फळ गळून जाते. लढाई कुणाची, सरहद्द कुठली, हे त्यांना अजून कळलं नव्हतं. पण पिकलेलं संत्रं झाडावर राहिलं म्हणजे घरात काय होतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि तिथून पुढे हॉल शांत झाला.

मग तो प्रसंग आला. जखमी चेचेन, अहमद त्याचं नाव, पलीकडच्या खोलीतल्या जॉर्जियनला मारायची शपथ घेऊन बसला आहे. इवो त्याच्याकडून शब्द घेतो की माझ्या घरात तू त्याला हात लावणार नाहीस. अहमद शब्द देतो. घरात नाही. बाहेर पाऊल टाकलं की मात्र मोकळा. मी ती ओळ वाचली आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "सर, मग तो घराबाहेर निघालाच नाही तं?" संपूर्ण चित्रपट त्या प्रश्नात आहे. इवो भाषण देत नाही, शांततेची महती सांगत नाही. तो चहा करतो, जेवायला वाढतो, दोघांना एका टेबलाशी बसवतो आणि ओरडायला लागले की दटावतो. शेवट मी इथे सांगत नाही. एवढंच की तो गोड नाही, आणि इवोला त्या दोघांतल्या एकाचा द्वेष करायला स्वतःचं एक मोठं कारण होतं, हे फार उशिरा कळतं.

त्या दिवशी कुणाही मुलाचं देशप्रेम कमी झालं नाही. दोन मुलं पुढे एन. सी. सी. त गेली.

या जातीचे सगळेच चित्रपट चांगले असतात असं मात्र नाही. दोन्हीकडचे जवान गळ्यात गळे घालून गाणं म्हणतात, आणि कुणाचं गाव जळलं, कुणी आधी हल्ला केला याचा पत्ताच नसतो, असला चित्रपट मुलांना दाखवू नका. तो खोटा असतो आणि मुलांना खोटं लगेच कळतं. पहिल्या महायुद्धातल्या १९१४ च्या नाताळच्या तहावर क्रिस्तियन कारियोंचा 'ज्वाययो नोएल' आहे, २००५ चा. फ्रेंच, स्कॉटिश आणि जर्मन सैनिक खंदकातून बाहेर येऊन मेलेल्यांना पुरतात, मेणबत्त्या लावतात. त्यातलं गाण्याचं दृश्य मला जरा जास्तच साजूक वाटतं. पण नंतरचा भाग खरा आहे. वरिष्ठांना हे कळतं, पत्रं उघडली जातात आणि शिक्षा म्हणून त्या माणसांची पांगापांग होते. मुलांना जोडीला हेही सांगा की त्या नाताळात फ्रान्समधल्या त्या खंदकांत आपले गढवाल रायफल्सचे जवानही होते आणि त्यांच्या समोरच्या जर्मनांशीही असाच तह झाला होता. पुढच्या वर्षी असं काही घडू नये म्हणून सेनापतींनी कडक हुकूम काढले.

झाँ रन्वार यांचा १९३७ चा 'ला ग्रांद इल्युझ्यों' मला या सगळ्यांत थोर वाटतो. रन्वार स्वतः पहिल्या महायुद्धात लढले होते. जर्मन किल्ल्याचा कमांडर राउफेनश्टाइन आणि त्याचा फ्रेंच कैदी बोएल्दियू हे दोघे सरदार घराण्यांतले, एकमेकांची चाल ओळखणारे. कर्तव्य म्हणून राउफेनश्टाइनला बोएल्दियूवर गोळी झाडावी लागते. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून तो क्षमा मागतो, आणि बोएल्दियू सांगतो की तुमच्या जागी मीही हेच केलं असतं. मग राउफेनश्टाइन खिडकीतल्या कुंडीतलं फूल कापतो. त्या दगडी किल्ल्यात तेवढं एकच फूल होतं. या चित्रपटावर नाझींनी बंदी घातली. त्याआधी डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनला 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' लागला, तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात उंदीर सोडले, दुर्गंधीचे बाँब फोडले, आणि काही दिवसांतच जर्मनीत त्यावर बंदी आली. त्यात खड्ड्यात अडकलेला जर्मन पोरगा आपण भोसकलेल्या फ्रेंच सैनिकाला पाणी पाजतो, त्याच्या खिशातला बायकोचा फोटो पाहतो आणि माफी मागतो. असा चित्रपट त्यांना सहन झाला नाही. सैनिकांना जे दिसतं ते लोकांना दिसू नये, असं कुणाला वाटत होतं हे दहावीच्या मुलांना समजतं.

मोठ्या मुलांसाठी क्लिंट ईस्टवुड यांचा 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' ठेवा, दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा या जपानी बेटावर झालेल्या लढाईचा. अमेरिकन दिग्दर्शक, पण चित्रपट जपानी भाषेत आणि जपानी बाजूचा. पकडलेला जखमी अमेरिकन पोरगा मरतो, आणि जपानी अधिकारी निशी त्याच्या खिशातलं आईचं पत्र जपानीत वाचून दाखवतो. पत्रात काही मोठं नाही, कुत्र्यांनी कुंपणाखालून बीळ केलं असलं घरचं. ऐकणाऱ्या जपानी पोरांना आपापल्या आया आठवतात. त्याच चित्रपटात शरण आलेल्या जपान्यांना अमेरिकन सैनिक गोळ्या घालतात, तेही दाखवलं आहे. म्हणून मला तो प्रामाणिक वाटतो. आणि ज्या चित्रपटाने मार्च २००२ मध्ये आपल्या 'लगान'चं ऑस्कर नेलं, तो दानिस तानोविच यांचा 'नो मॅन्स लँड' कितीजणांनी नंतर पाहिला? आपण हळहळलो आणि विसरलो. बोस्नियाच्या युद्धात समोरासमोर असलेले बोस्नियन आणि सर्ब सैनिक, दोघे एका खंदकात अडकतात. बोलता बोलता एकाच मुलीची ओळख निघते, दोघे हसतात आणि थोड्याच वेळात पुन्हा बंदुका उगारतात. त्यात शिव्या आहेत, शेवट फार कडू आहे. तो अकरावी-बारावीलाच योग्य. हिंदीत विजय राज यांचा 'क्या दिल्ली क्या लाहौर' आहे, १९४८ ची गोष्ट, दिल्ली सोडून गेलेला पाकिस्तानी आणि लाहोर सोडून आलेला भारतीय. नाटकासारखा बोलका आहे, पण आठवीच्या मुलालाही कळतो.

आणखी एक गोष्ट, खास नागपूरकर म्हणून. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी अशोक विजयादशमीचा दिवस निवडला आणि आपलं शहर निवडलं. कलिंगात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख उचलून नेली, हे आपल्याला अशोकाच्याच तेराव्या शिलालेखातून कळतं, आणि आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असंही त्यात त्याने कोरून ठेवलं आहे. हे लिहिणारा जिंकलेला राजा होता. ज्या शहरात लाखो लोक दरवर्षी त्या दिवशी दीक्षाभूमीवर येतात, तिथल्या शाळांना असा चित्रपट दाखवताना भीती वाटू नये.

आता व्यवहाराचं. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' असा पाठच आहे, तेव्हा अभ्यासक्रमाबाहेरचं काही करतो आहोत असं कुणी म्हणू शकत नाही. 'टँजरीन्स' ८७ मिनिटांचा आहे, दोन-तीन तासिकांत बसतो. नववी-दहावीलाच दाखवा, लहान मुलांना नको. पालकांना आधी चिठ्ठी पाठवा, चित्रपटाची गोष्ट दोन ओळींत लिहा आणि ज्यांना यायचं त्यांना बोलवा. हरकत घेणाऱ्यांना आग्रहाने बोलवा. चित्रपट संपल्यावर लगेच निबंध लिहायला लावू नका, एक तासिका नुसती बोलायला ठेवा. जमल्यास एखाद्या निवृत्त जवानाला त्या तासाला बसवा आणि मुलांना त्यांना विचारू द्या. मुलं जे विचारतील ते आपल्याला अवघड जाईल, जाऊ द्या.

'टँजरीन्स'च्या संवादांचा पूर्ण मराठी तर्जुमा मी करून ठेवला आहे. तो कुठल्याही शाळेने विनामूल्य घ्यावा. वाचायला माणूस नसेल तर मी येईन, कामठी असो, काटोल असो की उमरेड. फक्त हॉलमध्ये अंधार नीट करून ठेवा आणि माईक दुपारीच तपासून घ्या, कारण त्या चित्रपटात माणसं फार हळू आवाजात बोलतात.

आपला,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक
नागपूर